भोपळ्याचं वऱ्हाड

"वैजू! ए वैजू! मुलगी उमलली!"

मी ओट्याशी चहा गाळत होते. रविवार होता, नुकतं उजाडलं होतं. अप्पांनी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिलेली ही बातमी समोरच्या सगळ्या इमारतींना कळली असणार, कारण मी चहाचा कप घेऊन बाहेर आले तेव्हा खाली दूधवाला सायकल थांबवून वर बघत होता.

"अप्पा, हळू. लोकांना काय वाटेल?"

"काय वाटायचंय? पेढे मागतील."

अप्पा बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात स्टुलावर उभे होते. ग्रिलला गुंडाळलेल्या भोपळ्याच्या वेलीत त्यांनी डोकं खुपसलं होतं. मी पानं बाजूला केली. हातभर उंचीवर एक पिवळंधमक फूल उघडलं होतं, आणि त्याच्या खाली सुपारीएवढा हिरवा गोळा होता. ज्या फुलाखाली असा गोळा असतो ती मुलगी. नुसता लांब बारीक देठ असतो तो मुलगा. अप्पांनी हे मला इतक्यांदा सांगितलं होतं, की ग्रंथालयात कुणी पुस्तक मागायला आलं तरी मी आधी त्याच्या देठाकडे बघेन की काय, अशी मला भीती वाटायची.

अडचण एवढीच होती की या लग्नात मध्यस्थी करायला कुणी नव्हतं. "मधमाशी चौथ्या मजल्यापर्यंत येत नाही," अप्पा सांगायचे. "आपल्याकडे लिफ्ट नाही ना." त्यामुळे आधी उमललेल्या सगळ्या मुली पिवळ्या पडून गळून गेल्या होत्या. शेवटी मागच्या गल्लीतल्या भालेराव सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अप्पांना हाताने परागीभवन कसं करायचं ते दाखवलं. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, आतली दांडी मादीच्या फुलात अलगद टेकवायची. तेही सकाळीच. ऊन चढलं की फूल मिटतं, मग काही उपयोग नाही.

आणि या वेळी ते जमायलाच हवं होतं. नाशिकच्या सिडकोतली आमची इमारत तशी सोशिक. द्राक्षांच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पालक आला, रंगाच्या बादल्यांत वांगी आली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. अप्पांनी खतासाठी रसवंतीतून उसाची चिपाडं स्कूटरवर घालून आणली आणि त्यांच्या मागोमाग जिन्याने मुंग्या आल्या, तेव्हाही लोक चुळबुळत गप्प राहिले. पण भोपळ्याची वेल ग्रिलमधून बाहेर पडली, खाली उतरली आणि तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी धोंडग्यांच्या डिश अँटेनाला तिने मिठी मारली. धोंडगेवहिनींची मालिका ऐन साखरपुड्यात दिसेनाशी झाली. सोसायटीच्या सभेत ठराव झाला: पुढच्या सभेपर्यंत वेलीला एक तरी भोपळा दिसला तर वेल राहील, नाहीतर उतरवायची. "नुसता पाला किती दिवस बघायचा, बरं का," असं धोंडगे म्हणाले होते. अप्पा त्या रात्री जेवले नव्हते.

"चल, मुलगा शोध," अप्पा म्हणाले. "काल संध्याकाळी पाच-सहा कळ्या फुगलेल्या होत्या. आज सगळे उमलले असतील."

मी डावीकडून शोधायला लागले, ते उजवीकडून. मुलगा नव्हता. एकही नव्हता. जिथे कळ्या होत्या तिथे नुसते टोकं खुडलेले देठ उभे होते.

"चोरी झाली!" अप्पा म्हणाले.

शेजारच्या गॅलरीचं दार उघडलं. आमच्या आणि पिंगळे काकूंच्या गॅलरीच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती, आणि वेलीने ती कधीच ओलांडली होती.

"कशाची चोरी?" काकूंनी विचारलं.

"फुलांची! नराची सगळी फुलं कुणीतरी नेली."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ती होय? ती मी तोडली. काल संध्याकाळी नाही का भजी पाठवली?"

अप्पा स्टुलावर तसेच राहिले.

"भोपळ्याच्या फुलांची होती ती?"

"मग? उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या फार कुरकुरीत होतात. तुम्हीच तर निरोप पाठवलात, अजून आहेत का म्हणून."

"काकू," मी म्हणाले, "ते नवरदेव होते."

"असू देत. खाल्ले कुणी? मी एक तुकडा चाखला फक्त. बाकी वऱ्हाड यांनीच संपवलं, करवल्यांसकट."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून मी हातातला चहा खाली ठेवला, कारण तो सांडला असता. काकूंना आधी कळेना, मग कळलं, आणि त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. अप्पा गंभीरपणे म्हणाले, "चवीला चांगले होते पण. खानदानी असणार," आणि मग त्यांनाही उभं राहवेना. मी त्यांना धरून स्टुलावरून उतरवलं.

हसून झाल्यावर तिघांनाही एकदम आठवलं की ऊन चढतंय.

"दुसरीकडे कुठे भोपळा आहे?" मी विचारलं.

उत्तर तिघांनाही माहीत होतं. आमच्या गॅलरीतून मागच्या गल्लीतल्या बंगलीची गच्ची दिसायची, आणि त्या गच्चीवर पिवळी फुलं दिवे लावल्यासारखी उघडली होती. गच्ची भालेराव सरांची होती.

"नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा."

"त्याच्या दारात? मी?"

भालेराव सर मराठीचे निवृत्त शिक्षक. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात परसबागेची स्पर्धा झाली होती आणि सरांच्या कोथिंबिरीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. अप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ते माइकवर म्हणाले, "सरांची कोथिंबीर तर अगदी मंडईतल्या जुडीसारखी आहे!" अप्पांच्या मते ही स्तुती होती. लोक हसले ते वेगळ्या कारणाने. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण चपलेचा अंगठा तपासायचा आणि दुसरा आभाळ.

"मुलीच्या बापाला मानापमान बघून चालत नाही," काकू म्हणाल्या. "पँट चढवा आणि जा."

अप्पांनी पँट चढवली. वर इस्त्रीचा शर्टही घातला. मी स्टीलचा डबा घेतला, त्यांनी छत्री घेतली. "पाऊस कुठाय?" मी विचारलं. "येताना जावयाला ऊन लागेल," ते म्हणाले.

सर गच्चीवरच होते, झारीने पाणी घालत. आम्हाला बघून त्यांनी झारी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"वैजयंती, त्यांना विचार, सकाळीच काय काम काढलं?"

अप्पा त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.

"वैजू, त्यांना सांग, स्थळ घेऊन आलोय."

"कुणाचं, विचार."

"मुलगी आमची. भोपळ्याच्या घरची."

सर म्हणाले, "वय काय मुलीचं?"

"आज पहाटेचा जन्म आहे," अप्पा म्हणाले. "सांग त्यांना, घाई आहे. दुपारपर्यंत म्हातारी होईल."

"मुलगी दाखवायला का नाही आणली?"

"वेलीवरून तोडून आणू का? विचार त्यांना, शिक्षक होते ना?"

"म्हणजे मुलानेच तिकडे जायचं," सर मला म्हणाले. "घरजावई हवाय यांना. वैजयंती, त्यांना सांग, आमचे मुलगे साधे आहेत. मंडईतलाच एखादा बघा म्हणावं."

अप्पांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. वेलींमधून मधमाश्या गुणगुणत होत्या. सरांची गच्ची जेमतेम दुसऱ्या मजल्यावर होती.

"सर," अप्पा म्हणाले, थेट सरांना. "कोथिंबीर तुमची होती. मंडईत तशी मिळत नाही. मला तेच म्हणायचं होतं. मला बोलता येत नाही, आणि माइक समोर आला की अजिबात येत नाही."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, घातला.

"हे स्टेजवरून बोलायला हवं होतं."

"स्टेज बोलवा. येतो."

सर वेलीकडे वळले आणि फुलं बघायला लागले. एक पाहिलं, सोडलं. दुसरं पाहिलं, सोडलं. अप्पा अस्वस्थ होऊन म्हणाले, "अहो, कुठलंही चालेल." सर म्हणाले, "तुम्हाला चालेल. मला माझ्या घराण्याचं बघायला हवं." शेवटी त्यांनी एक भलंमोठं फूल लांब देठासकट खुडलं. मी डबा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"वरपक्ष मी आहे. नवरदेव माझ्या हातात येईल."

असं ते वऱ्हाड निघालं. पुढे मी रिकामा डबा घेऊन, मागे सर, छातीशी फूल धरून, आणि त्यांच्या शेजारी अप्पा, फुलावर छत्री धरून. पेपरवाल्याने विचारलं, "काय अप्पा, कुठे?" अप्पा म्हणाले, "लग्नाला. तू पण ये, आहेर नको आणू." कोपऱ्यावरच्या कुत्र्याने आमच्या मागून थोडं अंतर चालून पाहिलं आणि सोडून दिलं. छत्री फुलावर होती, त्यामुळे दोन्ही म्हाताऱ्यांची टकलं उन्हात चमकत होती. मला मागे वळून बघायची सोय नव्हती. बघितलं की हसू फुटायचं, आणि सर म्हणायचे, "वैजयंती, शिस्त."

तिसऱ्या मजल्यावर धोंडगे दार उघडून उभेच होते.

"अप्पा, सभेचं लक्षात आहे ना, बरं का?"

"आहे. तुम्ही वर चला. मुलीचा मामा कमी पडतोय."

"मी?"

"वेलीने तुमच्या अँटेनाला राखीच बांधली आहे की. चला, मुहूर्त टळेल."

धोंडगे बर्मुडावर होते. ते तसेच आले.

गॅलरीत काकूंनी तयारी केलेली होती. हळदीकुंकू लावलेल्या अक्षता वाटीत होत्या, आणि ओट्यावरचा नॅपकिन धुऊन अंतरपाट म्हणून आणला होता. एक टोक काकूंनी धरलं, दुसरं धोंडग्यांच्या हातात दिलं. मुलीचं फूल अजून उघडं होतं, पण पाकळ्यांच्या कडा आत वळायला लागल्या होत्या.

"लवकर," अप्पा म्हणाले. "भटजी कोण?"

सरांनी घसा साफ केला. पाठीचा कणा ताठ केला. आणि खड्या आवाजात म्हणाले:

"आला हो वर हा जिने चढुनिया, डोक्यास फेटा जरी,
दारी भोपळवेल लाजत उभी, शालू नवा नेसली..."

"यमक जुळलं नाही," अप्पा म्हणाले.

"वृत्त बघा. शार्दूलविक्रीडित आहे. यमक जुळवायला वेळ कुठे दिलात? सावधान!"

"सावधान!" धोंडगे ओरडले. त्यांना यातलं कुणी सांगितलं नव्हतं, पण ते पुरते रंगात आले होते. काकूंनी अंतरपाट ओढला. सरांनी फूल अप्पांना दिलं, अप्पांनी ते माझ्याकडे दिलं.

"तू कर."

मी पाकळ्या काढल्या. आतली दांडी परागांनी पिवळी झाली होती. मी ती दुसऱ्या फुलात टेकवली, हळूच फिरवली. माझ्या बोटांना पिवळं लागलं. "झालं," मी म्हणाले, आणि वरून अक्षता पडल्या. धोंडग्यांनी इतक्या जोरात टाकल्या की अर्ध्या खाली त्यांच्याच दोरीवरच्या चादरीवर पडल्या, आणि वहिनींनी खालून विचारलं, "कोण आहे रे तो मेला?"

"मीच आहे!" धोंडगे म्हणाले. "लग्नाला आलोय!"

मग पोहे झाले. सरांनी वरपक्ष म्हणून मान मागितला, तेव्हा अप्पांनी त्यांना एक नवा टॉवेल आणि क्रेटमधलं वांगं दिलं. सर वांगं उन्हात धरून बघत म्हणाले, "मंडईतल्यासारखं आहे," आणि अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले. काकू माझ्या मागे आल्या.

"किती करतेस गं त्यांचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुण्याची नोकरी सोडलीस, संसार नाही केलास. आई गेल्यापासून नुसती त्यांच्यामागे. ही माती, ह्या मुंग्या. दुसरी कुणी असती तर केव्हाच कंटाळली असती."

नातेवाईकही असंच बोलायचे, आणि मी जे नेहमी करायचे तेच केलं. तांब्या भरला, पेले घेतले, बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले. गॅलरीतल्या खुर्चीतच. काकूंनी मला ग्रंथालयात फोन केला. मी पोचले तेव्हा धोंडगे खालच्या पायरीवर बसले होते. मला बघून ते उठले आणि माझ्या मागे जिना चढले.

त्यानंतरच्या दिवसांत घरात माणसं होती. मी त्यांना चहा देत होते, आणि ती मला धीर देत होती. गॅलरीत मी गेले नाही. सर रोज सकाळी यायचे, चपला बाहेर काढायचे, सरळ गॅलरीत जाऊन पाणी घालायचे आणि जायचे. तेराव्याच्या सकाळी ते गेले नाहीत. त्यांनी गॅलरीतून मला खूण केली.

एक मोठं पान त्यांनी बोटाने वर उचललं. मागे नारळाएवढा भोपळा लोंबत होता. हिरवा, पांढरट ठिपक्यांचा. त्याच्या टोकाशी वाळलेलं फूल अजून चिकटलेलं होतं, आणि ओझं पेलावं म्हणून सरांनी खालून स्वतःचा नवा टॉवेल झोळीसारखा बांधला होता. तोच, मानाचा.

"नातू," सर म्हणाले.

मला हसू आलं. सरांनाही आलं. आत आचारी तळण काढत होता, तो झारा घेऊन दारापर्यंत आला, आम्हा दोघांकडे बघितलं आणि परत गेला. घरात पाहुणे होते. आम्ही तोंडावर हात धरून हसत होतो, आणि थांबता येत नव्हतं.

सभा त्याच आठवड्यात झाली. खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. एरवी सभेला अप्पा जायचे, त्या दिवशी मी गेले. कडेची खुर्ची घेतली. सर आमच्या सोसायटीचे नव्हते, तरी ते गेटपाशी येऊन उभे राहिले.

धोंडगे उभे राहिले. अप्पांबद्दल चार शब्द बोलले, चांगले बोलले. मग म्हणाले, "आता विषय वेलीचा. अप्पा गेले त्याच दिवशी ती अट संपली, बरं का. माझ्या अँटेनाचं मी बघून घेईन."

"आणि फळ धरलंय," पिंगळे काकू म्हणाल्या.

"धरलंय, मी पाहिलंय. आनंद आहे. पण प्रश्न आता फळाचा नाही, आपल्या वैजूताईंचा आहे." त्यांचा आवाज मऊ झाला. "एवढी वर्षं त्यांनी वडिलांसाठी सगळं सोसलं. ती माती, ती चिपाडं, ते पाणी चौथ्या मजल्यावर. अप्पांची हौस होती, ताईंनी तोंडातून शब्द काढला नाही. आता आपण त्यांना मोकळं केलं पाहिजे. मी माणूस ठरवलाय. उद्या सकाळी तो वेल, क्रेट, बादल्या, सगळं उतरवून गॅलरी धुऊन देईल. ताईंनी बघायचीही गरज नाही. सर्वांना मान्य?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी "फार चांगलं केलंत" म्हणालं. काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि माझा हात दाबला. त्या सगळ्या माणसांच्या चेहऱ्यांवर इतकी माया होती की मला उठायलाच होईना.

मी उठले. खुर्ची मागे पडली.

"वेल काढायची नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा लागला. पार्किंगमध्ये घुमला.

"ताई, भावना समजते," धोंडगे म्हणाले. "अप्पांची आठवण म्हणून एखादी कुंडी ठेवू की आपण."

"आठवण म्हणून नाही, भाऊ. मला हवी आहे. भोपळा, वांगी, चिपाडं, सगळं."

"पण एवढा त्रास..."

"त्रास नव्हता." सगळे माझ्याकडे बघत होते. गेटपाशी सर बघत होते. "मुंग्या जिन्याने वर आल्या ना, तेव्हा तुम्ही सगळे चिडला होता. आम्ही दोघं दार लावून आत हसत बसलो होतो. चिपाडं आणायला स्कूटरवर मागे मी असायचे. हट्ट करून जायचे. मी अप्पांसाठी थांबले नव्हते इथे. काकू, तुम्ही म्हणता मी त्यांचं केलं. मी काही केलं नाही हो. सकाळी उठल्यावर आज हे काय नवीन काढतात, असं वाटायचं मला. रोज. अप्पांनाही कधी हे बोलले नाही."

काकूंनी डोळ्यावरचा पदर खाली केला होता.

"मला मजा यायची," मी म्हणाले. "अप्पांबरोबर राहायला मला फार मजा यायची."